गफूरभाईंचा ब्रेक

गफूरभाईंच्या धाकट्या भावाचा, करीमचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि चहात साखर घातली की नाही हे आठवत मी बसले होते. "बाई, भाई गेले," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेले?" चाळीसेक वर्षं पोरांना धड्यांचे अर्थ समजावले, पण त्या सकाळी तीन शब्दांचा अर्थ मला लागला नाही. "अवो, वारले. फजरची नमाज पढून बाजंवर टेकले आन्..." फोन ठेवल्यावर मला लगेच रडू आलं नाही. आधी जे मनात आलं ते सांगायची लाज वाटते, पण आज सांगायचंच असं ठरवून लिहायला बसले आहे. मनात आलं, आता ती गोष्ट त्यांना माझ्या तोंडून कधीच कळणार नाही... आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला इतकी किळस आली की हातातला कप मी तसाच मोरीत ओतून दिला.

गफूरभाई म्हणजे आमच्या कडा गावच्या एसटी स्टँडसमोरचं वेल्डिंगचं दुकान. नांगराच्या फाळापासून लग्नातल्या कमानीपर्यंत सगळं तिथं जोडून मिळायचं. मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवायची. मला लहानपणीच पोलिओ झाला. आधी पायाला आधार देणारा लोखंडी कॅलिपर आणि कुबड्या, मग तीनचाकी सायकल, आणि निवृत्तीनंतर खांद्यांनी हात टेकले तेव्हा चाकाची खुर्ची. या सगळ्या सरंजामाचे डॉक्टर गफूरभाई. पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या कॅलिपरचा रिव्हेट त्यांच्या दुकानासमोरच तुटला होता आणि मी भर रस्त्यात खांबाला धरून उभी होते. त्यांनी स्टूल आणून दिलं, कॅलिपर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "ह्यो बनवनाऱ्यानं कधी घालून बगितला न्हाई, बाई." मी तेव्हा तरुण होते, तिखट होते. म्हटलं, "तुम्ही घालून बघणार आहात का?" तर या माणसानं खरोखर तो स्वतःच्या पायाला बांधला आणि दुकानात चार येरझाऱ्या घातल्या. मग गुडघ्याच्या मागचा पट्टा दोन बोटं खाली घेतला. त्या दिवसानंतर माझ्या गुडघ्यामागची कातडी सोलली गेली नाही.

आमची खरी दोस्ती मात्र भांडणातून झाली. लहानपणी ते समोरच्या डोंगरावर शेरडं राखायचे, त्यामुळे तिथल्या एकूण एक जनावराची त्यांना खबर. मला ही सगळी जनावरं तक्त्यावरून पाठ. ते म्हणायचे, तरस माणसाला बघून हसतं. मी म्हणायची, तरस हसत नाही, तो त्याचा आवाज असतो, आणि आपल्याकडचं तरस तर फारसा आवाजही करत नाही. ते म्हणायचे, लांडगा पाणी पिताना एक कान मागं ठेवतो. मी म्हणायची, असं कुठंही लिहिलेलं नाही. एकदा वैतागून ते बोलून गेले, "तुमी पुस्तकात बगितलं, बाई. मी डोळ्यानं बगितलंय." बोलले आणि जीभ चावली. मी हसून सोडून दिलं, पण ते मला लागलं होतं. माझ्या खिडकीतून तो डोंगर दिसतो. रिक्षानं पायथ्याला पोचायला अर्धा तास लागत नाही. पुढं मात्र सगळे दगड. लांडग्याबद्दल मी दरवर्षी पोरांना शिकवलं आणि उभ्या जन्मात एक लांडगा पाहिला नाही. हे मी कुणाजवळ बोलत नसे. जे होणारच नाही ते बोलून काय करायचं?

म्हणून त्या डोंगरावरच्या वनात सगळ्यांना जाता येईल अशी पायवाट होणार असं कळलं, तेव्हा माझा विश्वास बसला नाही. नवे आलेले वनाधिकारी हौशी होते. फाटकापासून पाणवठ्यापर्यंत किलोमीटरभर वाट, म्हाताऱ्यांना टेकायला कट्टे, दृष्टी नसलेल्यांसाठी कडेनं दोर, आणि चालता न येणाऱ्यांसाठी फाटकावर चाकाच्या दोन खुर्च्या. खुर्च्यांचं आणि कठड्याचं काम गफूरभाईंकडे आलं. त्यांनी साहेबांना सांगितलं, "कठडा मागनं. आधी वाट बगू द्या." आणि बायकोची, शमीमभाभींची, कणीक मळायची परात उचलून ते डोंगरावर गेले. परात पाण्यानं काठोकाठ भरून खुर्चीवर ठेवायची आणि करीमनं खुर्ची ढकलायची. जिथं पाणी सांडेल तिथं चुन्याची खूण. मग तिथला दगड काढायचा, मुरूम टाकायचा, धुमसायचा आणि पुन्हा परात. असं तीन आठवडे चाललं. भाभी घरात ताटलीत कणीक मळत होत्या आणि शिव्या मला घालत होत्या, कारण ही वाट माझ्यासाठी चालली आहे हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. रोज संध्याकाळी गफूरभाई माझ्या ओट्यावर येऊन हजेरी द्यायचे: आज धावड्याखाली मोर होता, आज सीताफळीत खोकड दिसलं, आज सालईवर घुबडाची जोडी बसली होती. मी वरवर वही तपासल्यासारखा चेहरा करून ऐकायची. आतून मी दिवस मोजत होते.

आणि मग ती संध्याकाळ आली. वाटेचा शेवटचा तुकडा पाणवठ्याकडे उतरतो. तिथं खडक असल्यानं उतार काही केल्या कमी होत नव्हता, म्हणून सगळी मदार खुर्चीच्या ब्रेकवर होती. गफूरभाई टेप घेऊन आले, माझ्या पाठीची उंची घेतली, हाताची लांबी घेतली आणि संकोचून म्हणाले, "बाई, राग नका मानू. वजन किती धरू?" ओट्यावर माझ्या दोन जुन्या सहकारी शिक्षिका चहा पीत बसल्या होत्या. दोघी काटकुळ्या, दोघी रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या. महिन्यापूर्वीच खांद्याच्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेले होते आणि तिथल्या खुर्चीच्या वजनकाट्यानं मला एकाहत्तर किलो दाखवलं होतं. मी म्हटलं, "बावन्न." अगदी सहज म्हटलं. गफूरभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तळहातावर पेनानं आकडा लिहून घेतला. "वर धा किलो धरतो. बासष्ट," ते म्हणाले. मी मनात हिशेब केला, अजून नऊ राहिले. आत्ता बोलावं का? त्या दोघी बिस्कीट बुडवत होत्या. मी म्हटलं, "घ्या की चहा, गार होतोय."

त्यांनी ज्वारीचं बासष्ट किलोचं पोतं भरलं, खुर्चीत बांधलं आणि त्या उतारावर पन्नास वेळा तरी सोडून पाहिलं. ब्रेकचा लोखंडी आकडा ओढला की खुर्ची जागच्या जागी थांबायची. ते खूश होते. मला रोज सांगायचे आणि मी रोज ठरवायची की उद्या एकटे असताना सांगेन. मग मनाची समजूत घालायची की नऊ किलोनं काय होतंय, लोखंड आहे ते. विज्ञानाची शिक्षिका मी! भार आणि उतार मीच शिकवलेला होता.

साहेब वाट तपासायला आले तो दिवस हिवाळ्यातला. सकाळी लवकर निघालो. मी खुर्चीत, मागं गफूरभाई, बाजूला साहेब, आणि मागून करीमसह तीन-चार माणसं. वाटेवर बोलायचं नाही असा साहेबांचा नियम. फाटकाच्या आत गेल्याबरोबर मला वास आला, वाळल्या पाल्याचा आणि ओल्या मातीचा. आणि डोळे भरून आले. कोतवाल पक्षी दिसला. ससा दिसला. एक लांडोर वाट ओलांडून गेली आणि मी मूर्खासारखी तिला हात केला. कुठंही धक्का नाही. परातीतलं पाणी सांडलं नव्हतं, मग मी कशी सांडेन? उतार आला. उतारावर मधोमध पोचलो आणि साहेबांनी एकदम हात वर केला.

पाणवठ्यावर लांडगा होता. मळकट पिवळा, पाय बारीक, मान खाली घालून पाणी पीत होता. आणि त्याचा एक कान मागं वळलेला होता... गफूरभाईंनी हळूच ब्रेकचा आकडा ओढला, हात सोडले आणि साहेबांना दुर्बिणीतून नीट दिसावं म्हणून दोन पावलं बाजूला झाले. कुणी हललं नाही. मी त्या कानाकडे बघत होते. मग मला वाटलं, लांडगा जवळ येतोय. थोडा मोठा दिसायला लागला. अजून थोडा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लांडगा जागचा हललेलाच नाही. मी जवळ जात होते. दवानं ओल्या झालेल्या खडकावरून चाकं आवाज न करता सरकत होती. ओरडायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं असेल? एकाहत्तर. तोच आकडा डोक्यात आला आणि जीभ टाळ्याला चिकटली. ओरडले असते तर सगळ्यांना कळलं असतं, असंच मला वाटलं. मरायच्या वेळेलाही माणसाला असली लाज वाटते, हे मी तेव्हा शिकले.

खुर्चीनं वेग घेतला. मागून धावत्या पावलांचा आवाज आला, आणि गफूरभाई, साठी उलटलेला माणूस, माझ्यापुढं येऊन आडवे झाले. चाक त्यांच्या पायावरून गेलं, खुर्ची कलंडली आणि मी मुरमात पडले. लांडग्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि झुडपात शिरून दिसेनासा झाला. गफूरभाईंच्या डाव्या पायाची दोन बोटं मोडली होती, तरी आधी त्यांनी मला उचलून खुर्चीत बसवलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी विचारलं, "ब्रेक कुणी बसवला?" गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. मी पदरावरचा मुरूम झटकत होते. मग ते म्हणाले, "म्या बसवला, सायेब. माझाच चुकला."

वाटेच्या फाटकाला साखळी लागली. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, ब्रेक का गेला त्याचं कारण लेखी द्या, दुरुस्त करा, पुन्हा तपासू. पण गफूरभाई लिहून देईनात. आज देतो, उद्या देतो, असं चाललं. स्टँडवर लोक बोलायला लागले की गफूरच्या जोडाला आता दम नाही, म्हातारा झाला. एका शाळेनं फाटकाचं काम दुसऱ्याला दिलं. ज्या माणसाच्या जोडावर उभा तालुका डोळे झाकून बसायचा, तो आता लंगडत दुकानात जायचा आणि बाहेर स्टुलावर बसून राहायचा. आणि मी घरात बसून खिडकीतून डोंगर बघायची. एक वाक्य बोलले असते तर त्यांचं नाव परत मिळालं असतं, आणि वाटही. ते वाक्य मी उन्हाळा-पावसाळाभर बोलले नाही.

त्यांनी मला संधी दिली नाही असंही नाही. एकदा माझ्या खुर्चीच्या चाकाला तेल घालताना, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "बाई, मी लई इचार केला. कशानं गेला आसंल ब्रेक?" घरात आम्ही दोघंच होतो. बाहेर ओटा रिकामा. तेलाचा थेंब चाकाच्या आसावर पडायचा राहिला होता. ते थांबले होते... मी म्हटलं, "दव होतं ना. गंज धरला असेल." ते म्हणाले, "आसंल." आणि तेल घातलं. आमची शेवटची भेट त्यानंतर बऱ्याच दिवसांनी झाली, पण माझ्यासाठी शेवटची भेट तीच. पुढं ते आले, चहा प्यायले, जनावरांवरून भांडलेही. मी कबूल केलं की लांडगा पाणी पिताना कान मागं ठेवतो. ते म्हणाले, "बगा, पुस्तकात लिवा आता." पण त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी शमीमभाभींकडे गेले. त्या इद्दतीत, नवऱ्यामागच्या सुतकाच्या दिवसांत, आतल्या खोलीत बसलेल्या. मला बघून रडल्या. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं: बावन्न, एकाहत्तर, गंज, सगळं. मला वाटलं त्या हात काढून घेतील. त्यांनी ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्यास्नी ठावं व्हतं, बाई." मला कळेना. "त्याच दिशी. तुमाला उचलून बसवलं न्हवं का? घरी आले, पाय सुजलेला, आन् हासायला लागले. म्हनले, बाई सत्तर किलोच्या म्होरं हायत, मला बावन्न सांगितले." मी कसंबसं विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलं? "मी बी तेच म्हनलं. तर माज्यावर डाफरले. चार बाप्यांम्होरं बाईमानसाचं वजन सांगू व्हय? म्हनले, बाई सवता सांगतील, कवातरी." मग त्या म्हणाल्या, "सायबासमोर तोंडानं एकडाव खोटं बोलले. पर लिवून द्यायला त्यांचा हात उचलंना."

म्हणजे तेल घालताना ते विचारत नव्हते. वाट बघत होते. आणि मी त्यांना गंजाची गोष्ट सांगितली... निघताना भाभींनी करीमला हाक मारली आणि दुकानातली ती खुर्ची मला दाखवायला सांगितली. दुकानाच्या मागच्या अंगाला, जुन्या चादरीखाली ती होती. करीम म्हणाला, "भाईनं त्याच हप्त्यात स्प्रिंग बदलली, बाई. शंभर किलोला बी हलत न्हाई. म्या इचारलं, एवढी कशाला? तर म्हनले, फुडं कुनी बी बसंल, त्याला खोटं बोलायची पाळी नगं." खुर्चीच्या पाठीवर, जिथं किती वजन चालेल ते लिहायला साहेबांनी जागा सोडायला लावली होती, तिथं गफूरभाईंच्या वेड्यावाकड्या अक्षरांत तेलरंगानं लिहिलं होतं: बसनाऱ्याला वजन इचारू नये. त्यातलं शुद्धलेखन मी एरवी तिथल्या तिथं सुधारलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वनाधिकाऱ्यांना लेखी दिलं. ब्रेक चुकला नव्हता, मी वजन खोटं सांगितलं होतं, आणि बनवणाऱ्यानं माझ्यासाठी दोष अंगावर घेतला. खाली सही केली. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि तपासणीचा दिवस दिला.

मागच्या आठवड्यात साखळी काढली गेली. पुन्हा तीच सकाळ, तोच उतार. करीमनं पोतं आणलं होतं. मी म्हटलं, पोतं राहू दे, मी बसते. साहेब नको म्हणत होते; मी शाळेतला आवाज काढला. उतारावर मधोमध करीमनं ब्रेकचा आकडा ओढला आणि माझ्या खांद्याशी वाकून कुजबुजला, "सोडू का, बाई?" मी मान हलवली. त्यानं हात सोडले. मी खालच्या दगडावर नजर रोवली, जवळ येतो का ते बघायला. दगड जागेवरच राहिला. खूप वेळ तो जागेवरच राहिला. पाणवठ्यावर कुणी नव्हतं, पाणी नुसतं चमकत होतं. वाटेवर बोलायचं नाही हा नियम मला माहीत आहे, तरी मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एकाहत्तर, गफूरभाई. एकाहत्तर किलो." साहेबांनी मला अडवलं नाही.